बातमीतलं फावडं

ऑगस्ट लागला की आमच्या घरामागच्या ग्राउंडवर पांढऱ्या रेघा मारणारा माणूस येतो. त्याचं ते लहानसं यंत्र कुईकुई करत फिरतं, आणि नुकत्याच कापलेल्या गवताचा वास स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट माझ्या फोडणीत शिरतो. मग एका सकाळी शिट्टी वाजते. पोरं धावायला लागतात, कुणीतरी कुणावर तरी खेकसतं, आणि कळतं की सीझन सुरू झाला. इथे इंग्लंडात, स्लाऊमध्ये, बाकीचे ऋतू म्हणाल तर सगळे ढगाळच. खरा ऋतू एकच, फुटबॉलचा. लोक वर्षभर त्याची वाट बघतात. मी मात्र खिडकी लावून घेते.

"अगं, उकडतंय. उघड ना," विवेक म्हणतो. विवेक म्हणजे माझा नवरा. मेडनहेडच्या ऑफिसातून ट्रेनमध्ये उभा राहून आलेला असतो, त्याचं काही चूक नाही. मी म्हणते, "उकडू दे." मग तो नुसता टाय सैल करतो, कारण त्याला ठाऊक आहे. त्या शिट्टीच्या मागोमाग मला फावड्याचा आवाज ऐकू येतो, खच्च, खच्च, आणि दारातून पेपर पडल्याचा आवाज. काही वर्षांपूर्वीचा एक सीझन असा काही येऊन गेला की तो संपला असं मला अजून म्हणवत नाही.

माझा धाकटा भाऊ सुमेध तेव्हा इथल्या एका कॉलेजच्या फुटबॉल टीमचा स्ट्रेंथ कोच होता. बॉल कसा मारायचा ते शिकवणारा वेगळा. पोरांच्या मांड्या, पाठी, खांदे आणि दम हे याचं खातं. नागपूरला शारीरिक शिक्षणाची पदवी, मग इकडे येऊन स्पोर्ट्स सायन्समध्ये मास्टर्स, मग ही नोकरी. राहायला आमच्याकडेच, वरच्या बॉक्सरूममध्ये. एवढा आडवातिडवा गडी त्या खोलीत कुशीवर वळला की पलंग भिंतीला धडकायचा. इथल्या महाराष्ट्र मंडळातले लोक विचारायचे, "म्हणजे जिम इन्स्ट्रक्टर का?" मी म्हणायची, "नाही हो, कोच." ते म्हणायचे, "हां हां, तेच ते." सॉफ्टवेअर सोडून दुसरं कुठलं काम असतं हे आपल्या लोकांना पटवून देणं म्हणजे डोकेफोड.

कॉलेजची जिम म्हणजे दोन कुरकुरती यंत्रं आणि एक फाटकी गादी. सुमेधने मग ग्राउंड सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला पटवून मैदानाच्या कडेचा, कंपोस्टच्या ढिगामागचा एक तुकडा मागून घेतला. फावडी आणली आणि पोरांना म्हणाला, खणा. गुडघाभर खणून झालं की भरा. भरून झालं की परत खणा. पोरं आधी चक्रावली. एकाने विचारलंही म्हणे, "कोच, आपण कुणाला पुरतोय का?" पण महिन्याभरात पोरांच्या पाठी रुंद झाल्या, पडलेला गडी चटकन उठायला लागला, आणि पोरंच सकाळी लवकर येऊन फावड्यांवरून भांडायला लागली.

हे त्याने कुठल्या पुस्तकातून आणलं नव्हतं. आमच्या नागपूरच्या तालमीतून आणलं होतं. तालमीत नवा पोरगा गेला की त्याला कुणी लगेच डावपेच शिकवत नाही. आधी हौदा खणायचा. पहाटे उठून, लंगोट लावून, आखाड्याची लाल माती फावड्याने उलटीपालटी करायची. कडेला वस्ताद छडी घेऊन बसलेले असतात आणि कुणाची कंबर चुकीची वाकली की छडी लागते. मातीत तेल घालतात, हळद घालतात, ताक घालतात, म्हणून तालमीतून आलेल्या पोराच्या अंगाला खमंग वास येतो. मनगट, कंबर, खांदा, श्वास, सगळं त्या खणण्यात तयार होतं. हौद्यात पहिलं फावडं मारायला मिळणं हा तिथे मान असतो. सणाच्या दिवशी त्या फावड्याला हारही घालतात.

एका खेळाडूच्या आईला मात्र हे रुचलं नाही. आपला मुलगा फुटबॉल शिकायला जातो आणि त्याला खड्डे खणायला लावतात, अशी तक्रार तिने आमच्याकडच्या फुकट वाटल्या जाणाऱ्या साप्ताहिकाला कळवली. म्हणून क्लेअर आली. क्लेअर त्या पेपरची बातमीदार. तरुण, भिजलेली, छत्री उलटी झालेली, बुटांना मैदानाचा चिखल. सुमेध तिला आमच्या घरीच घेऊन आला. मी तर्री पोहे केले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण पोरीने बशी चाटूनपुसून साफ केली. मला ती आवडली. खरं सांगू, अजूनही तिच्यावर धड रागावता येत नाही.

ती विचारत गेली आणि सुमेध सांगत गेला. त्याला एकदा ऐकणारं माणूस मिळालं की झालं, तोटी बंद करायला दुसऱ्याला यावं लागतं. तालीम सांगितली, वस्ताद सांगितले, छडी सांगितली. आम्ही बौद्ध, बाबासाहेबांची माणसं, आणि आमच्या आजोबांच्या पिढीला लोक काय म्हणायचे आणि कुठे उभं करायचे, तेही आवाज जराही खाली न आणता सांगितलं. आणि मग आमच्या बाबांचं आणि फावड्याचं भांडण सांगितलं.

आमच्या नागपूरच्या घरात फावडं नव्हतं. म्हणजे बाबांनी कधी येऊच दिलं नाही. आजोबांनी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी माती खणली. विहिरी खणल्या, रस्ते खणले, ज्या घरांत पाऊल टाकायची मुभा नव्हती त्या घरांचे पाये खणले. त्या मजुरीवर बाबा शिकले, मास्तर झाले आणि पुढे महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापक झाले. खिशाला पेन, इस्त्रीचा शर्ट, बोटांना खडू. अंगणातल्या गुलाबाची माती भुसभुशीत करायची असली तरी बाबा स्वयंपाकघरातलं जुनं उलथनं घेऊन बसायचे. आई म्हणायची, "अहो, एक फावडं आणा ना, काऊन हट्ट करता?" बाबा ऐकू न आल्यासारखं करायचे.

आणि अशा माणसाचा मुलगा एक दिवस तालमीतून खांद्यावर फावडं टाकून घरी आला. बाबा दारातच उभे होते. म्हणाले, "माझ्या बापाने जे पोटासाठी उचललं, ते तू हौसेने उचलतोस?" सुमेध तेव्हा शाळेतच होता, पण तोंडाला फटकळ. तो म्हणाला, "हौसेने उचलता येतं, हीच तर तुमची कमाई आहे बाबा." मग बरेच दिवस दोघांचं बोलणं बंद. पुढे एका पहाटे बाबा तालमीच्या कठड्याशी येऊन उभे राहिले, थोडा वेळ बघितलं, आणि घरी गेले. त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही. हे सगळं क्लेअरने लिहून घेतलं, मान हलवत, मधून मधून नाक पुसत.

गुरुवारी पेपर दारातून आत पडला. माझी लेक, इथेच जन्मलेली, मराठीतली लिंगं तिच्या जिभेवर कधी बसलीच नाहीत, ती ओरडत जिना चढली, "मामा, तुझी फोटो आला!" पहिल्या मिनिटाला घरात नुसता आनंद. केवढा फोटो! हातात फावडं, मागे ओळीने पोरं. आणि वर मोठ्या अक्षरांत मथळा, "धुळीतून ड्रेसिंग रूममध्ये". आम्ही कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्याच वाचायला लागलो. वाचता वाचता सुमेधने पेपर माझ्या हातातून काढून घेतला आणि जिन्याच्या पायरीवर बसला.

पेपरात लिहिलं होतं की भारतातल्या अस्पृश्य कुटुंबात जन्मलेल्या सुमेधला लहानपणी सूर्य उगवायच्या आत अनवाणी माती खणायला लावत. छडी घेतलेला मुकादम चुकलं की मारत असे. त्याचे वडील मजूर होते, त्यांनाही हाच वारसा मिळाला होता. आणि आता तेच फावडं घेऊन हा माणूस बर्कशायरच्या मुलांना आयुष्याशी झुंजायला शिकवतो आहे. फार हृदयस्पर्शी लिहिलं होतं हो. माझी एक इंग्लिश सहकारी ते वाचून रडली. वस्तादांचा मुकादम झाला, तालमीची बालमजुरी झाली, तेल-हळद-ताक कुठच्या कुठे गेलं, आणि आजोबांचं आयुष्य उचलून बाबांच्या नावावर टाकलं. नावावर तरी कुठे, बाबांचं नावही नव्हतं. नुसतं "वडील".

गंमत अशी की तिने काहीच मनाने रचलेलं नव्हतं. पहाट होती, माती होती, छडी होती, मारही होता. पण तालीम म्हणजे काय हे तिला कळलंच नव्हतं. गरीब देशातला एक मुलगा पहाटे फावडं घेऊन माती खणतो म्हटल्यावर तिच्या डोक्यात एकच चित्र उभं राहिलं. हौसेने कुणी माती खणत असेल, त्यासाठी आईबापाशी भांडत असेल, हे त्या चित्रात बसेना. मग जे बसलं तेवढं तिने लिहिलं.

त्या आठवड्यात मंडळाचा कार्यक्रम होता. एजवेअरहून आलेल्या एका बाईंनी माझा हात हातात घेतला. आजवर ह्या बाईंनी मला नारळाच्या वड्यांच्या रेसिपीपलीकडे काही विचारलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "सुजाता, अगं तू कधी कळूच दिलं नाहीस. केवढ्यातून वर आलात गं तुम्ही लोक." हात थोपटत राहिल्या. आजारी माणसाचा थोपटतात तसा. त्यातलं ते "तुम्ही लोक" माझ्या कानात गेलं ते तिथेच राहिलं. मी म्हटलं, "आमचे वडील हेडमास्तर होते." त्या म्हणाल्या, "हो का? छान छान," आणि अजूनच प्रेमाने थोपटायला लागल्या. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मी जेवण न करताच निघाले.

आमच्या जयंती कमिटीचे वानखेडे साहेब मात्र वेगळंच बोलले. ते इथे आमच्या आधीपासूनचे, सगळ्यांना धरून राहणारे. म्हणाले, "सुजाताताई, तुमच्या घरापुरतं ते चूक असेल. पण आपल्या लाखो माणसांचं ते खरंच आहे ना? छापून आलं तर येऊ द्या. जगाला कळू द्या." घरी येऊन भांडी घासत विचार करत बसले. आपल्याला राग नक्की कशाचा येतोय? फावड्याची लाज वाटतेय की काय? आजोबांच्या हातांवरचे घट्टे मी लहानपणी मोजायची, त्यांची लाज? छे. ते घट्टे आठवले तर माझा ऊर भरून येतो. मग काय टोचतंय? मला त्या दिवशी उत्तर सापडलं नाही. ते बाबांनी दिलं.

बाबांपर्यंत बातमी पोचणारच होती. आमच्या वस्तीतल्या कुणीतरी सायबर कॅफेत इंटरनेटवर बघून तिची प्रिंट काढली, पोरांनी ती विहाराच्या फळ्यावर कौतुकाने लावली, आणि बाबा संध्याकाळी वंदनेला गेले तेव्हा ती वाचून आले. त्यांचं इंग्रजी आमच्या सगळ्यांपेक्षा पक्कं. रविवारी मी फोनकार्ड खरवडून नंबर लावला. सुमेध शेजारी उभा होता. बाबा रागावले नव्हते, आणि तेच वाईट होतं. वर्गात एखादं गणित समजावून सांगावं तशा आवाजात म्हणाले, "सुजाता, माझ्या बापाचं काम माझ्या नावावर लिहिलंय त्यांनी. त्यात मला कमीपणा नाही. ते काम मोठंच होतं. पण मग माझं काम कुठं गेलं?"

लाईनवर खरखर चालू होती. ते पुढे म्हणाले, "मी इतकी वर्षं शाळेत काय करत होतो मग?" सुमेधने रिसीव्हर घेतला आणि म्हणाला, "बाबा, मी बदलून घेतो. तुमचं नाव आणि तुमचं काम छापून आणतो. शब्द देतो." पलीकडून बाबा एवढंच म्हणाले, "बघ जमलं तर."

जमायला काय हरकत होती असं तेव्हा वाटलं. सुमेध कॉलेजच्या स्पोर्ट्स विभागाच्या प्रमुखाकडे, ग्रॅहमकडे गेला. ग्रॅहम माणूस मनमिळाऊ, सुमेधला नोकरी त्यानेच दिलेली. तो म्हणाला, "अरे, पण किती सुंदर स्टोरी आहे! त्या स्टोरीमुळे नव्या जिमला स्पॉन्सर मिळतोय. तक्रार करणारी ती आईसुद्धा आता माफी मागतेय. यात तुझं वाईट काय झालं?" आणि मग सहज म्हणावं तसं म्हणाला, की तुझ्या कॉन्ट्रॅक्टचा विषय येत्या उन्हाळ्यात बोर्डापुढे जाईल, तेव्हा ही स्टोरी कामी येईल. कॉन्ट्रॅक्ट नाही तर वर्क परमिट नाही, हे सांगायची गरजच नव्हती. मी त्याला गाडीतून आणायला गेले होते. ट्रेडिंग इस्टेटच्या, म्हणजे इथल्या एमआयडीसीच्या, सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "ताई, माझ्याच गोष्टीतून मला कुणी उतरवलं असं वाटतंय." मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा मला कळलं की सिग्नल हिरवा झालाय.

तरी त्याने क्लेअरला फोन केलाच. तिला खरंच वाईट वाटलं. म्हणाली, जागा कमी होती, संपादकाने कापाकापी केली, मी दुरुस्ती छापून आणते. दोन आठवड्यांनी दुरुस्ती आली. सोफ्यांच्या सेलची जाहिरात आणि हरवलेल्या मांजराची सूचना, त्यांच्या मधोमध एक चौकट. कॉलेजच्या कोचचे वडील मजूर नसून ते शाळेत कामाला होते, हे स्पष्ट करण्यात आम्हाला आनंद होत आहे. झालं. मी फोनवर वाचून दाखवलं तेव्हा बाबा हसले. खूप दिवसांनी हसले. "शाळेत कामाला तर घंटा वाजवणारा पण असतो बाई," ते म्हणाले.

मग पानं गळाली, अंधार लवकर पडायला लागला, मैदानावर सकाळी पांढरं दव साचायला लागलं. टीम जिंकत होती. पण बाहेरगावी मॅच असली की समोरच्या टीमचे पाठीराखे ओरडायचे, "खण, खण, खण!" आधी आमची पोरंही हसली, फावडं मारल्याची नक्कल करून त्यांना उलट चिडवायची. मग एकदा मी स्वतः गेले होते मॅचला. सुमेध रेषेच्या कडेने पाण्याच्या बाटल्या घेऊन चालला होता आणि पलीकडून कुणीतरी ओरडलं, की आमच्या गटाराचंही काम बाकी आहे, येतोस का. त्याच्या आजूबाजूचे हसले. सुमेधने वळून बघितलं नाही. बाटल्या ठेवल्या, एका पोराच्या पायाला पट्टी बांधली. मी थर्मासातला चहा कपात ओतत होते, तो सगळा हातावर सांडला. हात भाजला तो मला घरी आल्यावर कळलं.

नाताळच्या सुट्टीत त्याने एकट्याने जाऊन तो खड्डा बुजवून टाकला. पोरं हिरमुसली, नव्या जिममधली चकचकीत यंत्रं ओढायला लागली. सुमेध घरी यायचा, जेवायचा, वर जायचा. पलंग भिंतीला धडकल्याचा आवाज यायचा नाही. झोपतच नसावा नीट. मी विचारलं तर म्हणायचा, "जाऊ दे ना ताई." आमच्याकडे "जाऊ दे ना" म्हणणारा माणूस काहीही जाऊ देत नसतो.

मे महिन्यात बाबा आले. विमानतळावर तोच इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर बागेत उकिडवे बसून माझ्या गुलाबाच्या बुंध्याशी माती उकरताहेत, माझंच नॉनस्टिकचं उलथनं घेऊन. शेडमध्ये चांगलं फावडं होतं. मी म्हटलं, "बाबा, अहो, त्या उलथन्याचा सत्यानाश झाला!" ते म्हणाले, "दुसरं आण." मग सुमेधला म्हणाले, "चल, तुझा हौदा दाखव." सुमेध त्यांना मैदानावर घेऊन गेला, मागोमाग मी. तिथे काय, नुसतं गवत उगवलेलं. बाबांनी विचारलं, "का बुजवलास?" सुमेध म्हणाला, "लोक चिडवायचे." बाबा म्हणाले, "मी सांगून सांगून थकलो तेव्हा फावडं सोडलं नाहीस. आणि ह्यांचं ऐकून सोडलंस?" सुमेधने मान खाली घातली. मला मध्ये पडावंसं वाटेना.

सीझनच्या शेवटच्या मॅचनंतर दुपारी क्लबहाउसमध्ये चहापाणी होतं. सँडविचेस, केक, खेळाडूंचे आईबाप, स्पॉन्सर, बोर्डाची माणसं. ग्रॅहमने सुमेधची ओळख करून दिली, आणि ती अर्थात त्याच बातमीतून. पहाट, अनवाणी पाय, फावडं. बाबा पहिल्या रांगेत बसून ऐकत होते, हाताची घडी घालून. मी ग्रॅहमकडे न बघता त्यांच्या खिशातल्या पेनकडे बघत होते. सुमेध उठला. कॉन्ट्रॅक्टवर सही करणारी माणसं समोर केक खात होती. तो म्हणाला, "हे माझं आयुष्य नाही. मी व्यायामासाठी खणलं, हौसेने. माझ्या आजोबांनी खणलं, पोटासाठी. आणि मधे हे माझे वडील आहेत, ते हेडमास्टर होते. त्यांनी शाळा चालवली म्हणून माझं खणणं हौसेचं झालं. कृपा करून माझ्याबद्दल लिहाल तर त्यांच्याबद्दल लिहा."

आणि मग टाळ्या. जोरदार. लोक उभे राहिले. शेजारची बाई माझ्या कानात म्हणाली, "किती नम्र आहे! स्वतःचं श्रेय वडिलांना देतोय." त्यांना तो नम्रपणा वाटला. सगळ्यांच्या देखत, स्वच्छ इंग्रजीत सांगितलेली साधी माहिती ह्या माणसांनी गोड मानून घेतली आणि परत सँडविचेसकडे वळली. त्यांचं मन मोठं होतं, पण कान बंद होते. कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढलं, त्यात काही अडचण आली नाही.

क्लेअर आली होती. बाबा स्वतः तिच्यापाशी गेले. म्हणाले, "लिहून घ्या." तिने वही काढली. बाबांनी शुद्धलेखन घालतात तसं एकेक अक्षर सुटं करून आपलं नाव सांगितलं, मधलं नाव, आडनाव. मग पदनाम, आणि शेवटी "रिटायर्ड". म्हणाले, "आता वाचून दाखवा." तिने वाचलं. आडनावात एक अक्षर चुकलं होतं, ते दुरुस्त करून घेतलं. "गुड," बाबा म्हणाले, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. पोरगी चक्क लाजली. घरी येताना बाबा गाडीत शीळ घालत होते. बाबांना शीळ घालता येते हे मला तोवर माहीत नव्हतं.

गुरुवारी त्यांनी लवकर अंघोळ केली, दाढी केली, आणि जिन्याच्या पायरीवर, दाराच्या पेपर पडायच्या फटीकडे तोंड करून बसले. मी म्हटलं, "बाबा, चहा घ्या आत येऊन." म्हणाले, "इथेच दे." पेपर पडला. त्यांनी उचलला, पानं उलटली, चष्मा लावला. फोटो होता, बाप-लेकाचा, छान हसरा. खाली ओळ होती: "लोकप्रिय कोच आणि त्यांचे अभिमानी बाबा." बाबांनी पेपर परत पहिल्यापासून चाळला, कुठे आत काही असेल म्हणून. जाहिरातींपर्यंत गेले. मग घडी घातली आणि मला म्हणाले, "फोटो चांगला आलाय." आणि कप घेऊन आत आले. चहा तसाच होता.

त्यानंतर सुमेध उत्तरेकडच्या मोठ्या क्लबात गेला. आता त्याचं नाव मोठ्या पेपरांत येतं. आणि दर ऑगस्टला, नव्या सीझनच्या तोंडावर, कुणीतरी नवा बातमीदार इंटरनेटवर त्याचं नाव शोधतो, त्याला ती जुनी बातमी सापडते, आणि मजुराचा मुलगा, माजी बालमजूर, ह्या शब्दांनिशी सुमेध पुन्हा जन्माला येतो. दुरुस्ती कुणालाच सापडत नाही. सुमेध आधी दर वेळी फोन करायचा, ईमेल करायचा. एकाने तर कळवलं, की आम्ही खात्री करून घेतली आहे, हे यापूर्वीही छापून आलेलं आहे.

बाबा गेल्या हिवाळ्यात गेले. नागपूरला, झोपेत, उशाशी चष्मा. अंगणात उलथनं मातीत तसंच खोचलेलं होतं. ते मी कुणाला हलवू दिलं नाही.

काल पुन्हा शिट्टी वाजली. संध्याकाळी सुमेधचा फोन आला. "ताई, परत आलंय," एवढंच म्हणाला. काय आलंय ते विचारायची गरज नव्हती. मग म्हणाला, "शब्द दिला होता मी त्यांना." आणि रडायला लागला, एवढा धिप्पाड माणूस. मी त्याला रडू दिलं. रडून झाल्यावर तो म्हणाला, "तू लिही ना. तुला येतं." मी म्हटलं, "मी मराठीत लिहिणार. इथले पेपरवाले थोडेच वाचणार?" तो म्हणाला, "बाबा वाचायचे ना मराठी."

म्हणून आज खिडकी उघडी ठेवून बसले आहे. पोरं धावताहेत. आणि मी बाबांनी सांगितलं होतं तसं एकेक अक्षर सुटं करून लिहिते आहे, लिहून झाल्यावर मोठ्याने वाचूनही बघणार आहे. माझ्या वडिलांचं नाव हरिदास सोमाजी रामटेके. मधलं नाव आजोबांचं, फावडं त्यांचं. माझे वडील मुख्याध्यापक होते.